एकतिसावी ओळ

"एकतिसाव्या ओळीपुढे मी सही करणार नाही," काशिनाथकाका म्हणाले आणि पेनाला टोपण लावून त्यांनी ते खिशात ठेवलं.

शुक्रवारी दुपारचे बारा वाजून गेले होते. ओसाकाच्या कंपनीला त्यांच्या घड्याळात बारा वाजायच्या आत, म्हणजे आमच्या तीनच्या आत, गेमची शेवटची प्रत आणि तपासणीचा सही केलेला तक्ता मिळायला हवा होता. तक्त्यात अठ्ठावन्न ओळी होत्या. सत्तावन्न ओळींपुढे काकांची सही होती आणि मधेच एक चौकोन रिकामा होता.

मी आधी हसलो. पण काशिनाथ भोंडवे या माणसाने कामाच्या बाबतीत कधी चेष्टा केलेली मला आठवत नाही. म्हणून हसू आवरलं आणि ओळ वाचली. खेळ चालू असताना हातातल्या खेळण्याच्या यंत्राचं झाकण कधीही मिटलं तरी सगळं सुरक्षित राहतं, एवढंच तिच्यात लिहिलं होतं.

काकांनी शांतपणे सांगितलं, की काल संध्याकाळी ट्रेनने घरी जाताना रेमुएरा स्टेशनला त्यांनी झाकण मिटलं, पुढच्या ग्रीनलेनला उघडलं, तर गेममध्ये दीड महिना वाढवलेला कुत्रा नाही. पडद्यावर नवीन टोपली, टोपलीत एक दिवसाचं पिल्लू. असंच जुलैमध्येही एकदा झालं होतं. तेव्हा त्यांना वाटलं होतं आपल्याच हातून काहीतरी चुकीचं बटण दाबलं गेलं, म्हणून ते गप्प बसले. आता दोनदा झालं. वहीत नोंद होती, अकराशे बारा वेळा झाकण मिटलं, त्यात दोनदा.

हजारात दोनदा म्हणजे काहीच नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जपानच्या दुकानांत ऐंशी हजार प्रती जाणार होत्या आणि तिथली पोरं दिवसातून चार-पाचदा झाकण मिटणार होती. हिशेब मलाही येत होता.

आमची कंपनी न्यूझीलंडमधली, अकरा जणांची. अवोन्डेलमध्ये एका बेकरीच्या वर दोन खोल्या, खाली सकाळपासून पावाचा वास. मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्याचा गेम आम्ही बनवला होता. पिल्लू घ्यायचं, वाढवायचं, शिट्टीवर वळायला शिकवायचं, मग डोंगरावरून कळप खाली आणायचा. न्यूझीलंडमध्ये तो कुणी घेतला नसता, इथल्या मुलांना टीव्हीला जोडायची मोठी यंत्रं हवीत. पण ओसाकाच्या कंपनीतल्या हिरानोबाईंना तो आवडला आणि हातात मावणाऱ्या, दोन पडद्यांच्या, पाकिटासारख्या मिटणाऱ्या यंत्रावर तो हवा म्हणाल्या.

पहिल्याच व्हिडिओ कॉलवर त्यांनी आम्हाला त्यांच्याकडची रीत समजावली होती. घरं लहान, टीव्ही एक, त्याच्यापुढे आजी नाहीतर वडील. मुलांची शाळा, क्लास, सगळं ट्रेनने. मोठी माणसंही ऑफिसला जाताना खेळतात, पण खेळायला मिळतात ती मधली पाच-सात मिनिटं. स्टेशन आलं की झाकण मिटून खिशात. म्हणून आमच्याकडे मोठ्या यंत्रांपेक्षा ही छोटी जास्त चालतात, बाई म्हणाल्या, आणि नव्या वर्षाला वडीलधारी माणसं मुलांच्या हातावर पैसे ठेवतात, तेव्हा गेम दुकानात असलाच पाहिजे.

मीटिंगची टिपणं मी काढली होती. ट्रेनचं ऐकून मी 'अवांतर गप्पा' असं लिहिलं. आता सांगायला लाज वाटते. आमच्यापैकी दहा जण गाडीने ऑफिसला यायचे. हाताशी चार्जर लावून, खुर्चीत रेलून, तीन-तीन तास गेम खेळून तपासायचे. ट्रेनने येणाऱ्यांसाठी आम्ही गेम बनवत होतो आणि ट्रेनने येणारा ऑफिसात एकच माणूस होता.

तो माणूस म्हणजे काका. चिंचवडला स्कूटरच्या कारखान्यात बावीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. कारखाना बंद पडल्यावर पंचेचाळिशीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला आणि पुण्यात आमच्या टीममध्ये आले. मला काम त्यांनी शिकवलं. पुढे मी इथे आलो आणि दोन वर्षांनी त्यांना बोलावून घेतलं. गाडीचं इथलं लायसन्स काढायला ते एकदा गेले, नापास झाले आणि परत गेलेच नाहीत. मनुरेवाहून निघायचं, न्यूमार्केटला ट्रेन बदलायची, अवोन्डेलला उतरायचं. मधे अठरा स्टेशनं. हिरानोबाईंचं बोलणं ऐकल्यापासून एका स्टेशनवर काका झाकण मिटायचे, पुढच्या स्टेशनवर उघडायचे आणि वहीत एक रेघ मारायचे. मी त्यांची टिंगलही केली होती, की काका, लोक ट्रेनमध्ये देवाचं नाव जपतात, तुम्ही झाकण जपता.

ब्रेट, आमचा मालक, तसा भला माणूस. कधी आवाज चढवायचा नाही. सगळं ऐकून घेतलं, आमच्या प्रोग्रॅमरला विचारलं. तो म्हणाला, कारण शोधायला निदान आठवडा, परत पूर्ण तपासणीला आणखी एक. जपानमधल्या कारखान्यात गेमच्या प्रती छापायचा हा नंबर हुकला तर पुढचा थेट मार्चमध्ये. मार्चपर्यंत कंपनी उभी राहणार नव्हती, हे ब्रेटने सांगायची गरज नव्हती. त्याने मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तो तुमच्यातला आहे, तुझं ऐकेल, तीनच्या आत सही घे, मग स्वीट अ‍ॅज, म्हणजे सगळं झकास. आणि तो बाहेर कॉफी आणायला गेला, म्हणजे काय होतंय ते त्याच्यासमोर व्हायला नको.

काका मागच्या जिन्यात डबा घेऊन बसले होते. डबा उघडलेला नव्हता. मी शेजारी बसलो. काय काय बोललो ते सगळं आता सांगवत नाही. अकरा जणांच्या नोकऱ्या, ब्रेटची पाच वर्षांची मेहनत, सगळं काढलं. ते मान हलवत ऐकत राहिले. मग मी खालच्या पातळीवर उतरलो. इथे कायमचं राहायला मिळावं म्हणून केलेला त्यांचा रेसिडन्सचा अर्ज या नोकरीवर उभा होता. ऑक्टोबरात ते छप्पन्न वर्षांचे होणार होते आणि छप्पन्न झाल्यावर इथे नवा अर्ज घेत नाहीत. नोकरी गेली तर सगळंच गेलं. काकू चिंचवडची शाळेतली नोकरी सोडून इथे फळांच्या दुकानात उभ्या राहत होत्या, त्या कशासाठी, असंही मी विचारलं.

"वसुंधराला मी रात्रीच सांगितलंय," काका म्हणाले.

"काय म्हणाल्या काकू?"

"काही नाही. भांडी घासत होती, घासत राहिली."

मला रागच आला. म्हटलं, काका, तो कुत्रा खोटा आहे. खेळणं आहे ते. कुणाचा हात तुटत नाही, कुणाची स्कूटर घसरत नाही. पोरगं दोन मिनिटं रडेल आणि नवीन पिल्लू घेईल.

काकांनी डबा उचलून खालच्या पायरीवर ठेवला. खाली बेकरीतलं कुणीतरी ट्रे आपटत होतं.

"जुलैत माझं पिल्लू गेलं ना," ते म्हणाले, "तेव्हा मला वाटलं, माझंच चुकलं. मी पंचावन्न वर्षांचा माणूस, तपासणं हा माझा धंदा, आणि मी दीड महिना कुणाला बोललो नाही. आठ वर्षांच्या पोराला काय वाटेल? ते कंपनीला नाव ठेवणार नाही, अनिरुद्ध. ते स्वतःलाच बोल लावेल. घरी सांगणारसुद्धा नाही."

घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

मग तोडगा त्यांनीच काढला. म्हणाले, हिरानोबाईंना फोन कर. जे आहे ते सांग, अकराशे बारात दोनदा. माल त्यांचा आहे, गिऱ्हाईक त्यांचं आहे. माहीत असूनही त्या पाठवा म्हणाल्या, तर माझी ना नाही, मी लगेच सही करतो. याहून सरळ काय असू शकतं? मी हो म्हटलं. खरंच सांगतो, जिना चढताना माझ्या मनात खरं सांगायचंच होतं.

मीटिंगच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि नंबर फिरवला. दोन वाजून वीस मिनिटं. बाईंनी पहिल्याच रिंगला उचलला, त्या वाटच पाहत होत्या. छपाईवाले थांबलेत, म्हणाल्या. त्यांच्या साहेबांनी दोनदा विचारलंय. मग जरा हसून म्हणाल्या, आमच्या ऑफिसात सगळ्यांना तुमचा कुत्रा आवडलाय, माझ्या आईनेसुद्धा एक पाळलाय, ती बहात्तर वर्षांची आहे. मी हं हं करत होतो. सांगायचं वाक्य मी मनात इंग्रजीत तयार ठेवलं होतं, ते तोंडाशी आलं आणि तिथेच अडकलं. सांगितलं की त्या थांबवणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याकडची माणसं असल्या गोष्टीला थांबवतातच.

शेवटी त्यांनीच विचारलं, काकांच्या नावाला जपानी आदराचं 'सान' लावून. "भोंडवेसान झाकणाबद्दल समाधानी आहेत ना? पहिल्या कॉलवर त्यांनी एकट्यानेच मला ट्रेनबद्दल प्रश्न विचारले होते."

"हो," मी म्हटलं. "पूर्ण समाधानी आहेत."

"मग मला काळजी नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझे आभार मानले.

फोन ठेवल्यावर मी दोन मिनिटं तिथेच बसलो. एक खोटं बोलून झालं होतं, दुसरं जिन्यात वाट पाहत होतं. परत फिरायला अजून वेळ होता, नाही असं नाही. मी फिरलो नाही.

काका उभे राहिले. काय म्हणाल्या म्हणून विचारलं.

"पाठवा म्हणाल्या," मी सांगितलं. "पुढच्या छपाईत दुरुस्त करू म्हणाल्या."

"सगळं सांगितलंस? आकड्यांसकट?"

"हो, काका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही, तसं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग खिशातून पेन काढलं, तक्ता जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि एकतिसाव्या ओळीपुढे सही केली. "बिचाऱ्या बाई," म्हणाले, "त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं असणार." दोन वाजून चाळीस मिनिटांनी सगळं ओसाकाला रवाना झालं. ब्रेटने बिअर आणली. काकांनी डबा खाल्ला आणि नेहमीच्या ट्रेनने घरी गेले.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. काकांना छप्पन्न पूर्ण झाली, काकूंनी शिरा करून ऑफिसात पाठवला. अर्जाचा निकाल अजून आला नव्हता. डिसेंबरात गेम जपानच्या दुकानांत लागला आणि नव्या वर्षाच्या आठवड्यात चांगला खपला. मी रोज सकाळी उठून जपानी वेबसाइट उघडायचो, काही कळायचं नाही, भाषांतराच्या खिडकीत टाकून बघायचो. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात 'कुत्रा नाहीसा झाला' असं पहिल्यांदा वाचलं. त्यानंतर मला नीट झोप लागली नाही. काकांना त्यातलं मी एक अक्षर सांगितलं नाही.

फेब्रुवारीत हिरानोबाईंनी कॉल लावला. ब्रेट, मी आणि काका, तिघांनी बसावं असा निरोप होता. बाई या वेळी हसल्या नाहीत. शेजारी त्यांचे साहेब होते, ते कॉलभर एक शब्द बोलले नाहीत. पडद्यावर आमचा तक्ता लावला होता आणि एकतिसाव्या ओळीभोवती लाल चौकट होती. बाई म्हणाल्या, मी त्या दिवशी स्वतः फोनवर विचारलं होतं. भोंडवेसान पूर्ण समाधानी आहेत, असं मला सांगण्यात आलं. खाली त्यांची सही आहे. मला फक्त इतकंच समजून घ्यायचंय, की त्यांना हा दोष सापडलाच नव्हता का?

ब्रेट टेबलाकडे बघत म्हणाला, तपासणीकडून आम्हाला सगळं ठीक असल्याचंच कळलं होतं.

काका माझ्याकडे वळले. त्यांना कळलं होतं. काय झालं, कुठे झालं, जिन्यात उभं राहून मी काय केलं, ते सगळं त्यांना त्या क्षणी कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. बोलायचं मी होतो. आजही पुष्कळदा आंघोळ करताना, गाडी चालवताना मी ते वाक्य पूर्ण बोलून टाकतो. त्या दिवशी नाही बोललो.

काका पडद्याकडे वळले आणि त्यांच्या त्या सावकाश, शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, "दोष मला माहीत होता. सही माझी आहे."

बाईंनी मान खाली घातली. थोड्या वेळाने काकांनीच विचारलं, की मुलांनी काही लिहून पाठवलंय का? बाई म्हणाल्या, हो, एकवीस पत्रं आहेत. त्यांतल्या बऱ्याच मुलांनी माफी मागितली आहे. मी चुकीच्या वेळी झाकण मिटलं, माझा कुत्रा कुठे गेला असेल, त्याला कुणी खायला देतंय का, असं लिहिलंय. काकांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, परवानगी असेल तर उत्तरं मी लिहितो. पहिल्यांदाच बाईंचे साहेब हलले. त्यांनी बसल्या जागी कमरेतून वाकून काकांना नमस्कार केला.

ओसाकाला कुणाला तरी काढल्याचं दाखवावं लागणार होतं. ब्रेटने काकांना चार आठवड्यांची नोटीस दिली आणि सोबत चांगलं सर्टिफिकेट दिलं. नोकरी गेल्यावर रेसिडन्सचा अर्ज निकालात निघाला. नवा करायचं वय उलटून गेलं होतं. काकूंनी मला फोन करून एवढंच विचारलं, की जास्तीचं सामान विकायचं असलं तर इथे कुठे जाहिरात करतात. त्या आवाजात माझ्याबद्दल काही नव्हतं, म्हणजे काकांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं. मी रविवारी जाऊन त्यांचं कपाट आणि पलंग अवोन्डेलच्या बाजारात उभं राहून विकून दिला. याहून जास्त काही करायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटच्या दिवशी काका उत्तरं लिहीत बसले. टाइप करायला तयार होईनात. बाईंच्या ऑफिसने पत्रांची इंग्रजी भाषांतरं पाठवली होती, उत्तरांचं जपानीही तेच करणार होते. मी शेजारी बसून एकेक वाचून दाखवत होतो आणि ते कागदावर लिहीत होते. प्रत्येक पत्रात मुलाचं नाव, कुत्र्याचं नाव, मग तेच तीन ओळींचं. तुझं काही चुकलं नाही. झाकण कधीही मिटलं तरी तो राहायला हवा होता. चूक आमची होती. 'आमची' असं त्यांनी एकवीसही वेळा लिहिलं.

बाकीचे लवकर निघून गेले. चार वाजले, साडेचार वाजले. विसावं पत्र झालं, एकविसावं झालं. आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. काकांनी पेन खाली ठेवलं, बोटं चोळली.

"अनिरुद्ध," ते म्हणाले, "एक विचारायचं राहिलं."

फेब्रुवारीतल्या त्या कॉलपासून मी या प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तरंही तयार करून ठेवली होती, चार-पाच, एकाहून एक वाईट. निदान आता तरी विचारा, असं मला मनापासून वाटलं.

"ही शेवटची मुलगी," ते म्हणाले. "हिचा कुत्रा कोणत्या रंगाचा होता, काही लिहिलंय का तिनं?"

मी पत्र उचललं. अक्षरं नीट दिसत नव्हती. परत पहिल्यापासून वाचलं.

"काळा," मी म्हटलं. "एक कान पांढरा."

"बरं," काका म्हणाले, आणि उजेडासाठी खुर्ची खिडकीकडे सरकवून त्यांनी तेवढं पत्रात लिहिलं.